अरुंद धमन्या, थकलेले पाय आणि ताकदीचा व्यायाम

पायांना रक्त कमी पोहोचत असेल तर त्या पायांना विश्रांती द्यावी की काम, आणि काम द्यायचे तर कोणते, हा वाद वैद्यकात सव्वाशे वर्षांचा आहे. चालण्यापुरते त्याचे उत्तर मिळाले आहे. ताकदीच्या व्यायामाचे, म्हणजे स्नायूंवर वजन टाकून ते हळूहळू वाढवत नेण्याचे, उत्तर मात्र गेल्या तीस वर्षांत पालटत गेले. १९९४ मध्ये हा व्यायाम चालण्यापुढे फिका ठरला होता. आज चालण्याला जोड म्हणून, आणि चालणे जमतच नसेल तिथे पर्याय म्हणून, त्याला मान्यता मिळू लागली आहे. आपल्याकडच्या रुग्णाच्या केसपेपरवर यातले काही उतरलेले नाही. गोळ्यांची नावे, मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ सगळे नीट लिहिलेले असते आणि खाली एकच ओळ असते: ‘चालत राहा.’ किती, कसे, दुखले तर काय, आणि मांड्या-पोटऱ्यांत ताकदच उरली नसेल तर काय, याबद्दल काहीच नसते. गोळीचा डोस लिहिला जातो, तसा व्यायामाचाही लिहिला गेला पाहिजे. त्यासाठी लागणारा पुरावा आता हाताशी आहे.

आधी दुखणे कोणते, ते पाहू. ठरावीक अंतर चालले की पोटरी आवळते, गोळा आल्यासारखी दुखते. माणूस थांबतो. थोड्या मिनिटांत दुखणे विरते, तो पुन्हा निघतो आणि साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा थांबतो. स्वस्थ बसलेल्या स्नायूला रक्त थोडेच लागते, चालताना मात्र त्याची गरज कित्येक पटींनी वाढते. धमनीच्या आतल्या भिंतीवर चरबी आणि कॅल्शियमचे थर बसून ती अरुंद झाली असेल, तर ही वाढीव मागणी भागत नाही आणि स्नायू दुखू लागतो. अडथळा मांडीतल्या धमनीत असला तर दुखते पोटरी; पोटातून खाली येणाऱ्या धमन्यांत असला तर मांडी आणि कुल्लाही. घरात याला वय झाले म्हणतात, वात म्हणतात, तेल लावून पाय चोळतात. मणक्यातली नलिका अरुंद झाल्यामुळे होणाऱ्या त्रासाशीही याची गल्लत होते. त्यात नुसते उभे राहून भागत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते, आणि सायकलवर पुढे झुकून बसलेला असा रुग्ण बऱ्याचदा बिनत्रास लांब जातो. धमनीचे दुखणे उभ्या उभ्याही थांबते.

निदानाची पहिली तपासणी साधी आणि स्वस्त आहे. घोट्याजवळचा रक्तदाब हातातल्या छोट्या डॉपलरने मोजायचा आणि त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागायचे. उत्तर साधारण १ ते १.४ आले तर ठीक, ०.९० किंवा त्याहून कमी आले तर पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असे धरतात. मधुमेहींमध्ये इथे एक फसगत होते. त्यांच्या धमन्यांच्या भिंती कडक होतात, पट्टा आवळूनही दबत नाहीत, आणि आकडा १.४ च्या वर किंवा खोटाच चांगला येतो. मग पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा लागतो. दुसरी अडचण अशी की हा आजार असलेल्या बहुसंख्य लोकांना पुस्तकात लिहिलेले दुखणे होतच नाही. कोणी म्हणतो पाय जड होतात, कोणी म्हणतो पायांत त्राण राहत नाही, कोणी नकळत चालणेच कमी करत आणते. मधुमेहाने नसा बधिर झाल्या असतील तर वेदनेची सूचनाही मिळत नाही.

जगभरात २०१५ मध्ये सुमारे २३.६ कोटी लोकांना हा आजार होता, असा अंदाज आहे. चेन्नईतल्या शहरी लोकसंख्येच्या एका पाहणीत, जी २००० मध्ये प्रसिद्ध झाली, एकूण ३.२ टक्के आणि मधुमेहींत ६.३ टक्के लोकांत तो सापडला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचे सांगितले. या दोन आकड्यांवरून आपल्या घराघरांत काय चालले असेल याची कल्पना येते. तंबाखू हे दुसरे मोठे कारण. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांत हातापायांच्या लहान धमन्या बंद पाडणारा वेगळाच आजार होतो. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात तंबाखू पूर्ण सुटली नाही तर कोणताही व्यायाम बोट वाचवत नाही, हे इथेच स्पष्ट सांगितले पाहिजे.

या दुखण्याचे पहिले नेमके वर्णन माणसाचे नाही, घोड्याचे आहे. १८३१ मध्ये फ्रान्समधल्या बुले नावाच्या पशुवैद्याने गाडीच्या एका घोडीबद्दल लिहिले: थोडे धावले की ती लंगडे, विसावा घेतला की ठीक होई. मृत्यूनंतर तिच्या मागच्या पायांच्या धमन्या बंद आढळल्या. १८५८ मध्ये शार्को यांनी तेच एका सैनिकात दाखवले, जुन्या गोळीच्या जखमेने त्याची धमनी निकामी झाली होती. त्या काळची समजूत अशी होती की रक्त कमी तर काम कमी. जर्मनीतल्या विल्हेल्म एर्ब यांनी १८९८ मध्ये उलट बाजू घेतली आणि अशा रुग्णांना चालायला लावण्याची शिफारस केली. तरी त्याची काटेकोर परीक्षा व्हायला १९६६ उजाडावे लागले. कोपनहेगनच्या लार्सन आणि लासन यांनी १४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी केली. एका गटाला रोजचे चालणे, दुसऱ्याला निरुपद्रवी गोळ्या. चालणाऱ्यांचे अंतर वाढले, पण पोटरीतला रक्तप्रवाह त्या मानाने वाढला नाही. या छोट्याशा प्रयोगातले हे निरीक्षण पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया आहे.

कारण त्यातून निघणारा प्रश्न असा: रक्त वाढले नाही, तर माणूस जास्त चालला कसा? आजही व्यायामाचा कोर्स संपल्यावर घोट्याचा तो आकडा मोजला तर बहुधा होता तेवढाच भरतो, आणि तरीही रुग्ण दुप्पट अंतर जातो. कालव्याच्या टेलला असलेल्या शेतकऱ्याची गोष्ट इथे आठवते. वरून पाणी वाढवून मिळत नाही, पण ठिबक टाकले की तेवढ्याच पाण्यात जास्त रान भिजते. स्नायूंत तेच होते. नव्या सूक्ष्म केशवाहिन्या फुटतात, पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा सुधारते, अस्तर सुधारून रक्तवाहिनी गरजेला चटकन सैल पडू लागते, आणि चालण्याची लय सुधारल्याने तेवढ्याच अंतराला कमी प्राणवायू पुरतो. म्हणजे आजार धमनीत असला तरी व्यायामाचे बरेचसे काम स्नायूत चालते. हे एकदा मान्य केले की स्नायूलाच थेट बळ देणाऱ्या व्यायामाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

चालण्याचा पुरावा भक्कम आहे. गार्डनर आणि पोलमन यांनी १९९५ मध्ये २१ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दुखणे सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी १७९ टक्क्यांनी आणि कमाल अंतर १२२ टक्क्यांनी वाढलेले दिसले. कोक्रेन या आढावा घेणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या परीक्षणात ३२ अभ्यास होते. त्यात बिनवेदना चालण्यात सुमारे ८२ मीटरची आणि कमाल चालण्यात सुमारे १२० मीटरची भर दिसली. एकशेवीस मीटर म्हणजे कित्येकांच्या बाबतीत कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जाऊन येणे. पण चालायचे कसे, यावर मतभेद होते. दुखायला लागायच्या आत थांबावे असे रुग्णाला स्वाभाविक वाटते, आणि पुष्कळ डॉक्टरही तेच सांगतात. शिकागोच्या मेरी मॅकडरमॉट यांच्या गटाने २०२१ मध्ये ३०५ रुग्णांवर हे तपासले. एका गटाने घरच्या घरी, दुखणे येईल अशा वेगाने चालायचे. दुसऱ्याने आरामात, दुखणे टाळून. वर्षाअखेर वेगाने चालणाऱ्यांची प्रगती स्पष्ट होती. आरामात चालणाऱ्यांना काहीही न करणाऱ्या गटापेक्षा जास्त काही मिळाले नव्हते. रमतगमत केलेली संध्याकाळची फेरी मनाला बरी, पण या आजारावर ती उपचार ठरत नाही, हे रुग्णाला सांगायला आपण कचरतो.

आता ताकदीचा व्यायाम. १९९४ मध्ये कोलोरॅडोच्या विल्यम हायट यांच्या गटाने २९ रुग्ण घेतले. काहींना ट्रेडमिल, काहींना पायांना वजनाचे पट्टे बांधून स्नायूंचा व्यायाम, काहींना काहीच नाही. १२ आठवड्यांनी ट्रेडमिलवाल्यांचा कमाल चालण्याचा वेळ ७४ टक्क्यांनी वाढला, वजनवाल्यांचा ३६ टक्क्यांनी. निष्कर्ष चालण्याच्या बाजूने निघाला आणि पुढची पंधरा वर्षे तोच प्रमाण मानला गेला. २००९ मध्ये मॅकडरमॉट यांच्या गटाने १५६ जणांचा मोठा अभ्यास केला. सहा महिन्यांनी सहा मिनिटांत कापलेल्या अंतरात ट्रेडमिलच्या गटाने व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा ३५.९ मीटरची आघाडी घेतली. ताकदीच्या गटाची आघाडी होती १२.४ मीटर, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीला ती उतरली नाही. वरवर वाचले तर इथेच प्रकरण संपते. पण त्याच अभ्यासात ताकदीच्या गटाचा ट्रेडमिलवरचा कमाल वेळ वाढला होता, आणि जिने चढण्याची क्षमताही सुधारली होती.

मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. सहा मिनिटांचे सपाट अंतर हे संशोधकाचे माप आहे. लिफ्ट नसलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईचे माप जिना हेच असते. एसटीच्या पायरीवर पाय टाकून अंग वर ओढणे, जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठणे, संडासात उकिडवे बसून उभे राहणे, ही सगळी कामे मांडीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंची आहेत. या रुग्णांचे तेच स्नायू झडलेले असतात. त्यांच्या पोटऱ्यांचा घेर कमी होतो, स्नायूंत चरबी शिरते आणि पायांची ताकद समवयस्कांपेक्षा उतरते. दुखते म्हणून चालणे कमी, चालणे कमी म्हणून स्नायू रोड, स्नायू रोड म्हणून थोड्या चालण्यानेही दमणूक, असे हे चक्र फिरत राहते.

२०१० मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या रिती-दियास आणि सहकाऱ्यांनी ३० रुग्णांवर तेच परीक्षण वेगळ्या रीतीने केले. ताकदीच्या गटाला फक्त पायांचे नव्हे, सर्वांगाचे व्यायाम दिले, आठ प्रकार, प्रत्येकी दहा आवर्तनांच्या तीन फेऱ्या. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांची चालण्याची क्षमता सारखीच वाढली. ऑस्ट्रेलियातल्या बेलिंडा पारमेंटर यांनी २०१३ मध्ये आणखी एक धागा जोडला: वजन किती? त्यांच्या छोट्या अभ्यासात एका गटाने आपल्या कमाल ताकदीच्या ८० टक्क्यांपर्यंतचे जड वजन उचलले, दुसऱ्याने हलके, तेही न वाढवता. सहा मिनिटांचे अंतर सुधारले ते जड वजनवाल्यांचे. पुढे २०२० मध्ये त्यांनी उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यातही जोराचा व्यायाम हलक्यापेक्षा सरस ठरला. त्याच वर्षी कोक्रेनच्या दुसऱ्या एका परीक्षणाने देखरेखीखालचे चालणे आणि इतर प्रकारचे व्यायाम यांत ठळक फरक आढळत नाही असे नोंदवले. मात्र त्यामागचे अभ्यास दहाच आणि रुग्ण ५२७ होते, हे लक्षात ठेवून ते वाचावे लागते.

माझ्या मते जुन्या आणि नव्या निकालांत दिसतो तेवढा विरोध नाही. पायाला पट्टा बांधून झुलवणे आणि खुर्चीतून वजन घेऊन उठणे या दोन गोष्टींना एकाच नावाखाली घातले, की निकाल उलटसुलट येणारच. व्यायामाचे वजन वाढत गेले, पोटरी आणि कुल्ला या चालण्याच्या मुख्य स्नायूंवर भार आला, आणि तीन ते सहा महिने तो टिकला, तर लाभ दिसतो. अंतर वाढवायचे असेल तर चालणे अजूनही पहिले, याबद्दल मला शंका नाही. पण ज्यांना चालणे जमत नाही, गुडघा झिजला आहे, दुसऱ्या पायाचा तळवा कापलेला आहे, किंवा दुखण्याच्या धास्तीने चार आठवड्यांत चालणे सोडले आहे, त्यांच्यासाठी ताकदीचा व्यायाम हा खरा दरवाजा आहे. त्यात दुखणे कमी येते, फेऱ्यांमध्ये विसावा असतो आणि प्रगती आकड्यांत दिसते. मागच्या महिन्यात खुर्चीतून आठ वेळा उठता येत होते, आता पंधरा वेळा येते, हे माणसाला स्वतःला कळते.

महाराष्ट्राला ताकदीचा व्यायाम नवा नाही. कोल्हापूर-सांगलीच्या तालमींत जोर-बैठकांची मोजणी हजारांत होते. पण त्या परंपरेने एक समजही दिला, की बैठका तरुणांसाठी, आणि पन्नाशीनंतर माणसाने फक्त फिरायला जावे. रक्तपुरवठा कमी असलेल्या पासष्ट वर्षांच्या माणसाला तालमीतल्या बैठका नकोतच. त्याला हवी आहे त्याच तत्त्वाची मोजकी मात्रा.

ती साधारण अशी. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. आधी पाच-दहा मिनिटे हळू चालून अंग ऊबदार करायचे. मग सहा ते आठ प्रकार, प्रत्येकाची आठ ते बारा आवर्तने, दोन-तीन फेऱ्या, आणि फेऱ्यांच्या मध्ये दीड-दोन मिनिटे विसावा. घरात जिमची यंत्रे नसतात आणि नसली तरी चालते. भिंतीला टेकवलेल्या घट्ट खुर्चीतून हात छातीशी धरून उठणे-बसणे हा यातला सगळ्यात मौल्यवान व्यायाम. ओट्याला धरून दोन्ही टाचा सावकाश उचलणे आणि त्याहून सावकाश टेकवणे. यात पोटरी दुखेल, कारण त्याच स्नायूला रक्त कमी आहे, तिथे थांबून दुखणे विरू द्यायचे आणि पुन्हा करायचे. जिन्याच्या पहिल्या पायरीवर एका पायाने चढणे-उतरणे, कठडा धरून. पलंगावर उताणे पडून गुडघे दुमडून कंबर उचलणे. रबरी पट्टा घोट्यांभोवती घेऊन पाय बाजूला नेणे. भिंतीवर हात ठेवून जोर काढणे आणि भरलेल्या बाटल्यांनी दंडाचा व्यायाम, कारण साओ पाउलोच्या कार्यक्रमात सर्वांग होते.

पहिले दोन आठवडे नुसत्या अंगाच्या वजनावर, रीत बसेपर्यंत. नंतर बारा आवर्तने आरामात होऊ लागली की पाठपिशवीत पाण्याची एक लिटरची बाटली ठेवायची, म्हणजे एक किलो वाढले. शेवटची दोन-तीन आवर्तने कष्टाची वाटली पाहिजेत, शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर सहा-सातच्या आसपास. जो व्यायाम शेवटपर्यंत सोपा राहतो तो ताकद देत नाही. बाकीच्या दिवशी चालणे: पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर दुखणे तीन-चारवर येईपर्यंत जायचे, पूर्ण विरेपर्यंत थांबायचे, पुन्हा निघायचे. विसाव्यासह तीस ते पन्नास मिनिटे, आठवड्यातून किमान तीन दिवस, निदान १२ आठवडे.

भीती कशाची बाळगायची, हे नीट समजले पाहिजे. या रुग्णांना पायापेक्षा हृदयाचा धोका मोठा असतो. पायाच्या धमन्यांत जे साचले आहे ते हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचलेले असण्याची शक्यता दाट असते. म्हणून सुरुवातीला हृदयाची तपासणी, आणि छातीत दुखत असेल, नुकताच झटका येऊन गेला असेल, हृदयाची झडप फार अरुंद असेल, पोटातल्या महाधमनीला मोठा फुगवटा असेल किंवा बसल्या जागी रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर आधी त्यांचा बंदोबस्त. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असतील तर जड वजन नको. वजन उचलताना श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो, आणि या आजारात पायांच्या व्यायामाने तो आधीच इतरांपेक्षा जास्त वाढतो. उपाय सोपा आहे: उठताना मोठ्याने आकडे मोजायचे, श्वास कोंडतच नाही. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर जवळ साखर ठेवावी.

काही पायांना व्यायामाआधी शल्यचिकित्सक लागतो. रात्री पलंगावर पडल्यावर पाऊल दुखते आणि खाली सोडल्यावर बरे वाटते, बोटावरची जखम आठवड्यांमागून आठवडे भरत नाही, कातडी काळी पडू लागली आहे, तर ताबडतोब रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जायचे. पाय अचानक थंडगार, पांढरा, बधिर पडला तर तो तासांचा प्रश्न असतो. तेव्हा शेक आणि मालिश यांत एक मिनिटही घालवू नये. शेकाबद्दल जास्तच कळकळीने सांगायचे आहे. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावून भाजणे आणि ती जखम पुढे पाय घेऊन जाणे, हे आपल्याकडे घडते. घरात अनवाणी वावरायची आपली रीत आहे, पण मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाने घरातही मऊ चप्पल घालावी, उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालू नये, आणि प्रत्येक व्यायामानंतर बोटांच्या बेचक्यांत उजेडात पाहावे.

फिजिओथेरपीत बर्गर यांच्या नावाचा आणखी एक जुना व्यायाम शिकवला जातो: पाय वर धरायचा, मग खाली सोडायचा, मग आडवा ठेवायचा. त्यात अपाय नाही, अंथरुणाला खिळलेल्याला तो सोयीचाही आहे. पण त्याने स्नायूवर भार येत नाही. चालू शकणाऱ्या रुग्णाला एवढाच व्यायाम देऊन घरी पाठवणे म्हणजे त्याचे महिने वाया घालवणे.

रक्ताची परतीची वाट बिघडली असेल, तर प्रश्न वेगळा. पायाच्या शिरांच्या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, घोटे सुजतात, कातडी काळपट होते, घोट्याच्या आतल्या बाजूला जखम होते. दिवसभर उभे राहणारे न्हावी, वाहतूक पोलीस, कंडक्टर, भटारखान्यातली माणसे यांना हे ओळखीचे आहे. रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचा स्नायू करतो, त्यामुळे इथे टाचा उचलण्याच्या व्यायामाला सरळ अर्थ आहे. २००४ मध्ये अमेरिकेत पॅडबर्ग आणि सहकाऱ्यांनी ३१ रुग्णांच्या अभ्यासात दाखवले की आखून दिलेल्या व्यायामाने पोटरीचे हे पंपाचे काम सुधारते. जुन्या जखमांबाबत २०१८ च्या एका आढाव्यात घट्ट पट्ट्यांच्या जोडीला टप्प्याटप्प्याने वाढवलेला टाचांचा व्यायाम आणि चालणे दिल्यास जखमा भरण्यास मदत होते असे आढळले. मात्र शिरांसाठी असलेले घट्ट मोजे किंवा पट्टे धमनीच्या रुग्णाने स्वतःहून चढवू नयेत. आधीच अपुरे असलेले रक्त त्याने आणखी तुटते. मोजे विकत घेण्याआधी घोट्याचा तो आकडा मोजून घ्यावा.

प्रगत देशांत हा उपचार व्यवस्थेचा भाग झाला आहे. ब्रिटनच्या २०१२ च्या सूचनांनी आठवड्याला दोन तास, तीन महिने देखरेखीखालचा व्यायाम सुचवला. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने २०१७ पासून १२ आठवड्यांत ३६ सत्रांचा खर्च उचलायला सुरुवात केली. नेदरलँड्समध्ये या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टांचे देशभर जाळे आहे. आपल्याकडे अँजिओप्लास्टीला विमा मिळतो. दाखल न होता घेतलेल्या फिजिओथेरपीला बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत. साहजिकच रुग्णाला महागडा उपचार आधी कळतो. रस्त्यांचीही अडचण आहे. उखडलेला फूटपाथ, मोकाट कुत्री, दुचाकींची गर्दी, खेड्यात संध्याकाळचा अंधार, यांत पोटरीच्या गोळ्यासकट वेगाने चालायचे कुठे? बायकांना तर रस्त्यावर दर शंभर पावलांवर थांबून उभे राहणे नकोसे होते. घरातल्या खुर्चीवर आणि जिन्याच्या पायरीवर होणारा व्यायाम आपल्या परिस्थितीला म्हणूनच जास्त जुळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाची गोळी घ्यायला येणाऱ्या माणसाला खुर्चीतून किती वेळा उठता येते, हे तीस सेकंदांत पाहता येईल, आणि तिथली परिचारिका ते करू शकेल. त्याला लागणारे साहित्य एक खुर्ची आणि एक घड्याळ.

धमनीत स्टेंट बसला किंवा बायपास झाला की व्यायामाचा विषय मिटतो, असे रुग्णांना वाटते, आणि त्यांना तसे वाटू दिले जाते. नळी मोकळी होते, पण वर्षानुवर्षे उपाशी राहिलेला स्नायू त्या दिवशी बळकट होत नाही. महाधमनीच्या खालच्या टोकाशी अडथळा असलेल्या १११ रुग्णांच्या २०१२ च्या अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर सर्वांत जास्त वेळ टिकले ते स्टेंटवाले नव्हते, देखरेखीखाली व्यायाम केलेले होते. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या २१२ रुग्णांच्या अभ्यासाने पुढची पायरी दाखवली: धमनी मोकळी करून वर व्यायामही दिला, तर वर्षभराने नुसत्या व्यायामापेक्षा अंतर जास्त वाढते. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांखाली फिजिओथेरपिस्टची तारीख लिहिलेली आहे का, हे नातेवाइकांनी पाहावे. नसेल तर घरी निघण्याआधी, सर्जन राउंडला आल्यावर, ती मागून घ्यावी. सोबत वजन, आवर्तने आणि आठवड्याचे दिवसही लिहून घ्यावेत.